मोती हाकेला येत नाही

मु. पो. नाते, ता. महाड
दि. १८ जानेवारी १९८७

सन्माननीय मेव्हणे रामजीराव यांस,
काशीराम सकपाळ याचा सप्रेम जयभीम.

आपण सर्व अंबरनाथी खुशाल असाल. आपली कंबर आता कशी आहे? (मागच्या पत्रात कंबरेविषयी आपण सबंध एक पान लिहिलेत. मी ते दोनदा वाचले. घरातल्या इतर माणसांविषयी त्यात एखादी ओळ सापडेल असे वाटले होते, पण कंबरेने जागाच ठेवली नव्हती.) सौ. सोनाबाईंनी पोटातून निघालेला खडा बाटलीत घालून कपाटात दर्शनी ठेवला आहे असे कळले. ठेवावा. पाहुण्यांना दाखवायला घरात काहीतरी असावे. लहानथोरांस आशीर्वाद. आमच्या सौ. जानकी, म्हणजे आपल्या आक्का, याही बऱ्या असतील. त्यांच्याविषयी मी मुद्दाम विचारत नाही, कारण या पत्राचा विषय वेगळा आहे.

पत्राचा विषय कुत्रा आहे.

मात्र तो सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आपणास आठवत असेलच, सोनाबाईंच्या ऑपरेशनसाठी आक्का ऑगस्टात पंधरा दिवस म्हणून आपल्याकडे आल्या. खडा निघाला, पण आक्का निघाल्या नाहीत. आता पाच महिने होऊन गेले. यात आपली चूक आहे असे मी म्हणत नाही. सख्ख्या बहिणीला घरातून जा म्हणणारा भाऊ मलाही आवडला नसता. नोव्हेंबरात मी त्यांना 'केव्हा येणार ते कळवावे' असे कार्ड टाकले. त्याचे उत्तर चौथ्या दिवशी आले: 'इथे सर्व ठीक. चुलीत ओले लाकूड घालू नये. इथे बोलायला माणसं आहेत.' यातल्या तिसऱ्या वाक्याचा पहिल्या दोहोंशी संबंध काय, तो मला लागला नाही. चौतीस वर्षे मुलांना मराठी शिकवली, तरी लागला नाही. ते कार्ड मी आरशाच्या चौकटीत खोचून ठेवले आहे आणि दाढी करताना रोज वाचतो. (त्यामुळे दोनदा कापले.)

तर कुत्रा. आक्का गेल्यानंतर आठवड्याभरात एक तांबूस कुत्रा आमच्या मागील दारी येऊन बसू लागला. एक कान उभा, एक पडलेला, शेपटी प्रश्नचिन्हासारखी. दुपारी बाराला येई. मी हाकलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा. तिसऱ्या दिवशी मी घड्याळ लावून बसलो, तर बाराला दोन मिनिटे कमी. रामजीराव, घंटा न वाजवता वेळेवर हजर होणारा विद्यार्थी मला नोकरीत कधी मिळाला नव्हता. मे महिन्यात मी निवृत्त झालो आणि ऑगस्टात हा आला. मी त्याला प्रवेश दिला.

पुढे प्रश्न नावाचा. हजेरीपटावर नाव हवे. मी त्याच्यासमोर उभा राहून वाघ्या, टिप्या, खंड्या, राजा अशी नावे पुकारली. एकालाही त्याने 'हजर' म्हटले नाही. उलट वर्गतपासणीला आलेले साहेब पाहतात तसा माझ्याकडे पाहत राहिला. शेवटी मी 'मोती' हे नाव कायम केले आणि माझी करपलेली भाकरी त्याच्यापुढे ठेवली. भाकरी त्याने स्वीकारली, नाव नाही. त्या नावाने हाक मारली तर तो मान फिरवून दुसऱ्या कोणाला हाक मारली का ते पाही.

एवढ्यावर भागले असते. पण भातकापणी झाली, शेतांत वाल पेरले गेले, आणि मोतीने येसाजींचे महिपती यांच्या वालातून दोन वेळा सरळ रेषेत धाव घेतली. महिपती माझा जुना विद्यार्थी. आता पंचेचाळिशीचा आहे, मिशा आहेत, रस्त्याकडेला तीन एकर जमीन आहे. तो आमच्या दारात उभा राहून म्हणाला, "मास्तर, तुमचा मान हाय म्हणून सांगतो. कुत्रं आवरा. परत वालात दिसलं तर गोणीत घालून पार पोलादपूरच्या पुढं सोडून येईन, मग बोंबलू नका." मी म्हटले, सोड बापडा, माझा थोडाच आहे तो. पण महिपती वळला आणि मी ओटीवर येऊन बसलो तेव्हा लक्षात आले की हा कुत्रा गेला तर दुपारी बारा वाजता या घरात कोणीच येणार नाही. मी तसाच उठून महिपतीच्या मागे गेलो आणि एक महिन्याची मुदत मागितली. म्हटले, त्याला शिकवतो. महिपती हसला. "आमाला शिकवलंत तसं?" असे म्हणाला. यात मान किती आणि टोमणा किती, ते मी ठरवू शकलो नाही.

कुत्रा शिकवायचा कसा हे मला ठाऊक नव्हते. म्हणून पलटणीतून निवृत्त झालेल्या आपल्या गणू हवालदाराकडे गेलो. (त्याने तिकडे दोन वर्षे कुत्री सांभाळली असे तो सांगतो. पूर्वी तो खेचरे सांभाळली असे सांगत असे.) गणूचे म्हणणे थोडक्यात असे की कुत्र्याला तीन गोष्टी लागतात: व्यायाम, हुकूम आणि माणसे. सकाळ-संध्याकाळ फिरवून त्याला दमवायचे. बैस म्हटले की बसला पाहिजे. आणि रोज निदान दहा माणसांशी त्याची भेट घालून द्यायची. "माणसं न दाखवलेलं कुत्रं आन् कोपऱ्यात बसलेला म्हातारा, दोघं सारखे. दोघंबी भुंकतात," असे तो म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिले, पण तो बिडी शिलगावत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी वेळापत्रक सुरू केले. सकाळी सहाला व्यायाम. गळ्यात जुना पट्टा, पट्ट्याला बैलाचे दावे, दाव्याचे दुसरे टोक माझ्या मनगटाला. मी त्याला पाचाडच्या रस्त्याने नेणार अशी योजना होती. प्रत्यक्षात त्याने मला नेले. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात मी इतका कधी धावलो नाही. पायजम्याची नाडी, चष्मा आणि दावे या तीन गोष्टी सांभाळायला माणसाला दोनच हात असतात. त्यातच नाक्यावरच्या कठड्यावर चंदू सुतार बसलेला. हा सातवीत असताना पाढे येत नाहीत म्हणून मी याला मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या होत्या. त्याने मला येताना पाहिले आणि मोठ्याने ओरडला, "मास्तर, अजून दोन फेऱ्या!" झाले. मोतीने मला वळवले आणि भरधाव चंदूकडे नेऊन त्याच्या मांडीवर पुढचे दोन पाय ठेवले. चंदू कठड्यावरून मागे उताराला पडला. त्याला लागले नाही. पण कुत्र्याला माणसांची फार ओढ आहे, एवढी नोंद मी मनाशी केली.

ही ओढ पुढे वाढतच गेली. दुपारी अडीचला औद्योगिक वसाहतीतल्या पाळीच्या माणसांना घेऊन कारखान्याची गाडी जाते. त्यात निम्मे माझे विद्यार्थी. खिडकीतून हात बाहेर काढून "जयभीम मास्तर!", "मास्तर, जेवलात का?" असे ओरडत जातात. मोती त्या गाडीच्या मागे फर्लांगभर धावे. मला वाटले, त्याला गाड्यांचा राग आहे. म्हणून मी त्याला एस.टी.समोर उभा केला, ट्रकसमोर उभा केला. ढिम्म. राग फक्त कारखान्याच्या गाडीचा. मी गणूला विचारले. तो म्हणाला, कारखान्याच्या वासामुळे असेल. आम्ही दोघेही समाधान पावलो.

माणसे दाखवणे हा भाग मात्र मला जड गेला. आपण मला ओळखता. मी ओटीवर वर्तमानपत्र वाचणारा मनुष्य. रोज दहा माणसे आणायची कुठून? पहिल्या दिवशी मी तीन माणसांना भेटलो आणि थकून परत आलो. दुसऱ्या दिवशी नदीवर धुणी धुणाऱ्या बायांपुढे मोतीला घेऊन उभा राहिलो आणि काय बोलावे ते न सुचून 'पाणी थंड आहे का' असे विचारले. त्या एकमेकींकडे पाहू लागल्या. पण आठ-दहा दिवसांनी त्या आपणहून बोलू लागल्या. आणि एक गोष्ट अशी झाली की जो भेटे तो आधी कुत्र्याला गोंजारी आणि मग मला विचारी, "जानकीबाय कधी येतायत?" मी 'लवकरच' म्हणे. दिवसाला दहा वेळा लवकरच. हा शब्द इतक्यांदा उच्चारला तर त्याचा अर्थ निघून जातो, हे मी स्वतः अनुभवले.

आता मुख्य प्रसंग. गेल्या शनिवारी इथल्या शाळेचे स्नेहसंमेलन झाले. निवृत्त शिक्षक म्हणून मला बक्षिसे वाटायला आणि दोन शब्द बोलायला बोलावले होते. मी धुतलेला शर्ट घातला. (इस्त्री मीच केली. पाठीवर डाग आहे, पण पाठ भाषणात दिसत नाही.) मोतीला साळूबाईच्या हवाली केले. साळूबाई म्हणजे आमची मागची शेजारीण, आपण ओळखता. तिने त्याला घेऊन मंडपाच्या कडेला बसावे असे ठरले. नाच झाले, नाटुकले झाले, आणि हेडमास्तर ध्वनिक्षेपकात म्हणाले, "आता मास्तर आपल्यापुढे येऊन दोन शब्द बोलतील." मी खुर्चीतून उठेपर्यंत मोती साळूबाईच्या हातातून सुटला, बसलेल्या सगळ्या बायापोरांमधून वाट काढत व्यासपीठावर चढला आणि ध्वनिक्षेपकासमोर, लोकांकडे तोंड करून, शिकवल्याप्रमाणे व्यवस्थित बसला.

सगळा मंडप हसला. मीही हसल्यासारखे केले. हेडमास्तर घाईघाईने म्हणाले, "नाही, नाही, आपले मास्तर, मास्तर!" तेव्हा मोतीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले आणि शेपटी हलवली. मंडपात हसणे थांबेना. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मागच्या बाजूला बसलेल्या आपल्या वस्तीतल्या बाया हसत नव्हत्या. त्या पदर तोंडाला लावून माझ्याकडे पाहत होत्या, एखाद्याचे झाकलेले उघडे पडले की पाहतात तशा. मी भाषण आटोपते घेतले. काय बोललो ते आठवत नाही.

घरी येताना साळूबाई बरोबर होती. वाटेत तिने मोतीचे दावे माझ्या हातात दिले. मग म्हणाली, "मास्तर, रागवायचं नाय. कुत्र्याची काय चूक नाय. त्याला हाक आली म्हणून तो गेला."

मी म्हटले, "हाक मला आली होती."

"त्याचं नाव मोती नाय," साळूबाई म्हणाली. "जानकीबायनं त्याचं नाव मास्तर ठेवलंय. तीन वर्सं झाली. पिल्लू होता तवापासून."

रामजीराव, मी रस्त्यात थांबलो. मोतीही थांबला. मला आधी राग आला हे कबूल करतो. स्वतःच्या नवऱ्याची पदवी कुत्र्याला द्यायची! आणि मी तर घरात कुत्रे येता कामा नये असे सांगून ठेवले होते. मी विचारले, "माझी थट्टा करायला?"

"थट्टा कसली," साळूबाई म्हणाली. "तुम्ही शाळेत. शाळंतून आलात की पेपरात. ती बिचारी दुपारी मागील दारी पाटावर बसायची, ह्याला भाकर घालायची आन् बोलायची. मास्तर, आज आपली लेक कमळ येणार होती पोलादपुरासून, आली नाय बघा. मास्तर, कालवणात मीठ जास्त झालं का हो? मास्तर, माजी दाढ लय ठणकते. आमी कुंपणापलीकडून आयकायचो. सुरवातीला हसलो. मंग नाय हसलो."

"कोणती दाढ?" मी विचारले.

"डावीकडची. महाडला जाऊन काढली ना. मी गेलेली संगं."

डावीकडची दाढ. एकतीस वर्षे एका ताटाभोवती बसलो आणि एक दाढ घरातून गेली ती मला कळली नाही. मी साळूबाईला विचारले की हे मला आधी का नाही सांगितले. ती म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत?" आणि तिच्या दारात वळली.

दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्र ओटीवर तसेच ठेवले आणि बाराला मागील दारी पाटावर जाऊन बसलो. (तिथे भिंतीला टेकवून एक पाट असतो. तो तिथे का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.) कुत्रा परसात होता. मी 'मोती' अशी हाक मारली. तो आला नाही. इकडेतिकडे कोणी नाही असे पाहून मी हलक्या आवाजात 'मास्तर' म्हटले. तो लगेच आला आणि माझ्यासमोर बसून तोंडाकडे पाहू लागला. आता बोलणे भाग होते. बोलून पोट भरलेला माणूस मी, पण मला सुचेना. शेवटी म्हटले, मास्तर, आज भाकरी करपली. मग म्हटले, भात बरा झाला आहे. मग कमळ परवा येऊन गेली ते सांगितले, ती आईविषयी काही बोलली नाही तेही सांगितले. तो ऐकत होता. मध्ये बोलत नाही, चुका काढत नाही, 'मुद्द्यावर ये' असे म्हणत नाही. (हे मी म्हणतो. आक्कांना विचारा, किती वेळा म्हणतो.) मग मी त्याला विचारले, ती तुझ्याशी आणखी काय काय बोलायची? त्याने पडलेला कान थोडा उचलला आणि परसाच्या वाटेकडे पाहिले. ती वाट एस.टी.च्या थांब्याकडे जाते. मी आत जाऊन भांडी घासली.

आता रोज बारा ते एक आमचे बोलणे होते. माझी बरीच प्रगती आहे.

महिपतीची मुदत परवा संपली. त्याला दाखवायला म्हणून मी कुत्र्याला घेऊन त्याच्या घरी गेलो. दावे सोडले, बांधावर उभा राहून 'मास्तर, बैस' म्हटले आणि तो बसला. समोर वालाचे हिरवेगार शेत, आणि त्याने पाऊल टाकले नाही. महिपती थक्क झाला. "मास्तरांनी मास्तरला शिकवलं," असे म्हणून हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. त्याला नाव ठाऊक होते. गावात सर्वांनाच ठाऊक होते. मग कुत्रा पळत जाऊन थेट त्यांच्या ओटीवर चढला. (कुत्र्यांना तिथे पूर्वीपासून मज्जाव नव्हता, हे आपण दोघेही जाणतो.) मी अंगणात उभा राहिलो. एवढी वर्षे तिथेच उभा राहत आलो. महिपतीच्या आईने, रंगूबाईने, आतून पाहिले आणि म्हणाली, "मास्तर, उभे का? वर या, बसा." मी बसलो. तिने मला चहा दिला, कपात, घरातल्याच कपात. मग ती म्हणाली, "जानकीबाय बांधावर यायची तवा मी पाट टाकायची, पण ती बसायची नाय. म्हणायची, मास्तर बसतील तवा मी बसंन." हेही मला ठाऊक नव्हते. चहा गोड होता. मला तो संपवायला वेळ लागला.

असो. कुत्रा आता पूर्ण शिकला आहे. व्यायाम करतो, हुकूम पाळतो, माणसांत वावरतो. हे सर्व केवळ आपल्याला माहिती असावी म्हणून लिहिले. आक्कांना यातले काही वाचून दाखवू नये. अगदी त्यांनी मागितलेच तर कुत्र्याचा भाग वाचावा, दाढेचा वगळावा.

आपल्या कंबरेला जपावे. ओझी उचलू नयेत.

आपला,
काशीराम सकपाळ

ता. क. : कुत्रा पूर्ण शिकला असे वर लिहिले, ते तितकेसे खरे नाही. ट्रंकेवर कागदात गुंडाळून ठेवलेल्या आक्कांच्या ठेवणीतल्या चपला, लग्नकार्याला घालतात त्या, त्याने काल खाल्ल्या. एक पूर्ण खाल्ली, दुसरीचा अंगठा तेवढा उरला आहे. त्या येण्याआधी तशाच दुसऱ्या आणून ठेवाव्यात म्हणून मी आज सकाळच्या एस.टी.ने महाडला जाऊन आलो. दुकानदाराने नंबर विचारला. मी हाताने दाखवले, एवढा. तो म्हणाला, मास्तर, ही तुमची वीत झाली, बाईंचा पाय केवढा? मला सांगता आले नाही. आणखी दोन दुकाने फिरलो. तिथेही तोच प्रश्न.

ता. क. २ : तर पत्राचे खरे काम एवढेच. आक्का दुपारी जेवून लवंडल्या की त्यांचा पाय एका कागदावर ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ ओढावी आणि तो कागद मला पाठवावा. डावा-उजवा दोन्ही. हलक्या हाताने करावे. त्यांना जाग आली तर खोटे बोलू नका, ते आपल्याला जमत नाही. मीच सांगितले म्हणून सांगावे. आणि हे ऐकून त्या पाय मागे घेतात की कागदावर तसाच राहू देतात, तेवढे मात्र त्याच कागदाच्या मागे लिहून पाठवावे.